दर किलोमागे पैलवान

डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र केसरीचा फड जालन्यात भरला. शेवटची कुस्ती बुलढाण्याचा बाला रफिक शेख आणि पुण्याचा अभिजित कटके यांच्यात झाली. बालाने गदा नेली. एमआयडीसीतल्या मिलांच्या गेटवर शिफ्ट बदलताना जी चर्चा व्हायची ती त्याच कुस्तीची. त्याच स्पर्धेत ५७, ६१, ६५, ७० किलोंच्या गटांतही कुस्त्या झाल्या होत्या, कुणीतरी त्या जिंकल्याही होत्या. आज जालन्यात त्यांची नावं विचारून पाहा. बालाचं नाव दहातले सात जण सांगतील, बाकीच्यांचं एकही निघणार नाही.

यात जालनेकरांचा दोष नाही. स्पर्धेची बांधणीच तशी आहे. पदकं सगळ्या गटांना, गदा मात्र एकाच गटाला, आणि तो गट ८६ ते १२५ किलोंचा. म्हणजे राज्यातला सर्वांत मोठा मल्ल कोण, या प्रश्नाचं निम्मं उत्तर आपण पहिली सलामी झडायच्या आधीच देऊन बसतो: कोणीही असो, तो ८६ किलोंच्या खालचा नसणार. या नियमात ५७ किलोंचा खाशाबा जाधव बसत नाही. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणणारा गोळेश्वरचा हा मल्ल आज पंचविशीत असता, तर महाराष्ट्र केसरीच्या मुख्य लढतीचं त्याला तिकीट काढावं लागलं असतं.

मुष्टियुद्धाच्या दुनियेत हा वाद फार जुना आहे. तिथेही हेवीवेट विजेता तोच खरा विजेता, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालली. पैसा तिकडे, छायाचित्रं तिकडे. मग शुगर रे रॉबिन्सनसारखा १४७ पौंडांचा माणूस रिंगणात उतरला. त्याच्यापेक्षा चांगला मुष्टियोद्धा कुणी पाहिला नव्हता, पण हेवीवेट विजेत्या जो लुईसमोर त्याला उभं करणं शक्य नव्हतं. तेव्हा जाणकारांनी एक तोड काढली: वजन बाजूला ठेवा आणि मग सांगा, सरस कोण? त्यातून ‘पाउंड फॉर पाउंड’ याद्या आल्या. आज त्या नेमाने निघतात, आणि हेवीवेट उसिक वर की जपानचा इनोउए वर, यावर जगभर लोक घसा कोरडा करतात. माझं म्हणणं असं की, हा वाद निरर्थक नाही. ज्या मापाने तो घातला जातो ते माप मात्र बहुतेक वेळा चुकीचं असतं. आणि आपल्या कुस्तीने तर अजून माप काढायलाच घेतलेलं नाही.

मापाची गोष्ट जालन्याच्या माणसाला सांगायची म्हणजे सळईवरूनच सांगावी. इथे लोखंड विकलं जातं किलोवर, पण पारखलं जात नाही किलोवर. कुठल्याही रोलिंग मिलच्या टेस्टिंग लॅबमध्ये यूटीएम मशीनच्या जबड्यात सळईचा तुकडा अडकवून ओढतात. ८ मिलिमीटरची सळई मीटरमागे जेमतेम ३९५ ग्रॅम भरते, ३२ मिलिमीटरची सव्वासहा किलोंच्या वर. पहिली अडीच टनांच्या ओढीला हार मानते, दुसरी चाळीस टनांनाही दाद देत नाही. तरी दोन्हींवर छाप एकच असतो: एफई ५००. कारण हे ५०० म्हणजे दर चौरस मिलिमीटरमागे ५०० न्यूटन. बत्तीसची सळई आठपेक्षा उंची प्रतीची, असं कुठलाही मिलवाला म्हणणार नाही. कॉलममध्ये बत्तीस उभी राहते, आठ तिच्याभोवती रिंग होऊन बसते. भार कोण किती घेतो हा एक हिशेब झाला, लोखंडाची प्रत हा दुसरा. गदा देताना आपण पहिला हिशेब करतो आणि जाहीर दुसरा करतो.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग सोपं आहे, माणसालाही किलोने भागा. इथेच गफलत होते. सळईची लांबी तीच ठेवून जाडी वाढवली की वजन आणि ताकद दोन्ही सारख्याच पटीने वाढतात. माणसाचं शरीर तसं वाढत नाही. ते लांबी, रुंदी, जाडी तिन्ही बाजूंनी वाढतं. स्नायूची ताकद त्याच्या आडव्या छेदावर अवलंबून असते, वजन मात्र घनफळावर. शरीर सर्व बाजूंनी दुप्पट झालं तर ताकद चौपट होते आणि वजन आठपट. म्हणून किलोमागे ताकद काढली की लहान माणूस नेहमीच जिंकतो. १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये ६० किलो गटातल्या नईम सुलेमानोग्लूने क्लीन अँड जर्कमध्ये १९० किलो उचलले, स्वतःच्या वजनाच्या तिपटीहून जास्त. जॉर्जियाच्या लाशा तालाखाद्झेने २०२१ मध्ये २६७ किलोंचा विश्वविक्रम केला, पण तो स्वतःच १७० किलोंच्या वरचा, म्हणजे दुपटीचंही नाव नाही. म्हणून काय लाशा हलका ठरला? या हिशेबाने जगातला सर्वश्रेष्ठ भारोत्तोलक मुंगी निघेल.

भारोत्तोलनवाल्यांनी यातून वाट काढली आहे. तिथे सिंक्लेअर गुणांक वापरतात. तो वजनाने भागत नाही. त्या वजनाच्या माणसांनी आजवर काय करून दाखवलं आहे, ते पाहून तो ठरतो, आणि दर ऑलिंपिकनंतर नव्याने काढला जातो. म्हणजे मूळ प्रश्न असा: तुझ्या वजनाच्या जगातल्या उत्तम माणसांच्या तू किती पुढे आहेस? सगळ्यांची वजनं सारखी असती तर काय झालं असतं, हा प्रश्न मुळात विचारण्यासारखाच नाही. १२२ पौंडांचा इनोउए २३० पौंडांचा झाला तर तो इनोउए राहत नाही. त्याची पावलं, त्याचा वेग, बाराव्या फेरीतही न आटणारा दम हे सगळं त्या लहान शरीरामुळेच आहे. आणि २३० पौंड घेऊन बारा फेऱ्या हलत राहणाऱ्याच्या कष्टाचा हिशेब अशा कल्पनेत कुणी धरत नाही. लहान माणसाचे गुण मोठ्या देहात चढवायचे आणि मोठ्या देहाचं ओझं विसरायचं, यालाच बरेच जाणकार विश्लेषण म्हणतात.

मुष्टियुद्धात मात्र बारबेल नाही. उच्चांक नाही, किलो नाही, समोर फक्त दुसरा माणूस. म्हणून तिथे लोकांनी दुसरी कसोटी धरली: वरच्या गटात जा आणि मारून दाखव. ही कसोटी दिसायला फार मर्दानी आहे. फिलिपिन्सचा मॅनी पॅकियाओ ११२ पौंडांपासून १५४ पौंडांपर्यंत आठ गटांत विजेता झाला, आणि या एका वाक्यावर त्याला अनेक याद्यांत वर बसवतात. पॅकियाओ थोर आहेच. पण आकडे नीट पाहा. मार्गारिटोविरुद्धची ती शेवटची, १५४ पौंडांच्या किताबाची लढत ठरवून १५० पौंडांवर खेळली गेली आणि पॅकियाओचं वजन भरलं १४४.६. शिवाय आज गट सतरा आहेत आणि खालच्या बाजूला तीन-चार पौंडांवर नवा गट सुरू होतो. हेन्री आर्मस्ट्राँगने १९३८ मध्ये तीन गटांचे किताब एकाच वेळी कमरेला बांधले होते, तेव्हा सगळे मिळून गटच आठ होते. त्याचे तीन आणि पॅकियाओचे आठ समोरासमोर ठेवून मोजले तर बेरीज खोटी पडते.

दुसऱ्या टोकाला युक्रेनचा उसिक. डिसेंबर २०२४ मध्ये तो टायसन फ्युरीसमोर उभा राहिला तेव्हा दोघांच्या वजनात सुमारे २५ किलोंचा फरक होता. पॅकियाओने आठ गटांत मिळून जेवढं अंतर काटलं त्याहून जास्त उसिकने एका रात्रीत काटलं, आणि गट मात्र एकच. पट्ट्यांच्या संख्येवर यादी करणाऱ्याला हे दिसतच नाही. वर चढण्याचं मोल धरायचंच असेल तर किलोंत धरा, आणि तेही स्वतःच्या शरीराच्या टक्केवारीत.

तरीही वर चढणं ही साक्ष आहे, परीक्षा नव्हे, असं मी मानतो. कारण ही परीक्षा सगळ्यांना देताच येत नाही. मेक्सिकोचा रिकार्दो ‘फिनितो’ लोपेझ १०५ पौंडांचा. ५१ विजय, एक बरोबरी, हार शून्य. आपल्या गटात त्याने २१ वेळा किताब राखला. शेवटी १०८ पौंडांत जाऊन तिथलाही घेतला, पण त्याच्या हाडापेराने याहून वर जाण्यासारखं काही नव्हतंच. त्याच्या लढती पाहिल्या तर वाटतं, मुष्टियुद्धाची शाळा काढली तर पाठ्यपुस्तक म्हणून याला लावावं. लोकप्रिय याद्यांत तो कुठे? तळाला, किंवा नाहीच. आणि दुसऱ्या बाजूला हेवीवेट: मुहम्मद अलीने वर चढायचं तर कुठे? त्याच्यावर गटच नाही. म्हणजे गट ओलांडण्याची अट घातली की यादी आपोआप १२६ ते १६० पौंडांच्या मधल्या माणसांची होते. ज्यांच्या वर शिडी आहे आणि पायांत ती चढायला जागाही आहे, तेच श्रेष्ठ ठरतात.

साक्ष म्हणून मात्र ती कधीकधी निकालाच्या उलट बोलते, हे तिचं सौंदर्य. २५ जून १९५२ ला न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये रॉबिन्सन १७५ पौंडांच्या गटाचा विजेता जोई मॅक्सिमसमोर उतरला. पारा ४० अंशांच्या घरात होता. आपल्याला मे महिन्यातला जालना डोळ्यांपुढे आणावा लागेल, वर दिव्यांची आग वेगळी. उष्म्याने पंचच कोसळला, दहाव्या फेरीनंतर दुसरा आणावा लागला. तिन्ही पंचांच्या कागदांवर रॉबिन्सन पुढे होता, आणि तेराव्या फेरीनंतर त्याला स्टुलावरून उठताच आलं नाही. नोंदवहीत तो पराभव आहे. पण ज्याने ती लढत समजून घेतली त्याच्या लेखी रॉबिन्सन त्या रात्री मोठाच झाला.

मेरी कोमची गोष्ट याच हिशेबात बसते. तिची जागतिक विजेतेपदं ४५, ४६ आणि ४८ किलोंची. २०१२ मध्ये महिलांचं मुष्टियुद्ध पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं तेव्हा गट तीनच ठेवले: ५१, ६०, ७५. तिच्या वजनाला जागाच नव्हती. ती वर गेली आणि कांस्य घेऊन आली. त्या कांस्याकडे तिच्या सुवर्णांपेक्षा खालचं म्हणून पाहणाऱ्याने आधी ते तीन गट पाहावेत.

आणि गट तरी किती पक्के असतात? ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला विनेश फोगाटने आंतरराष्ट्रीय आखाड्यात अजिंक्य असलेल्या जपानच्या युई सुसाकीला पाडलं, अंतिम फेरी गाठली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ५० किलोंवर १०० ग्रॅम जास्त भरले म्हणून ती बाद झाली. त्याच पॅरिसमध्ये अमन सेहरावतने एका रात्रीत साडेचार किलोंहून अधिक वजन उतरवलं आणि ५७ किलोंत कांस्य घेतलं. व्यावसायिक मुष्टियुद्धात तर वजन आदल्या दिवशी होतं. लढत सुरू होते तेव्हा दोघांपैकी कुणीच त्या गटाच्या वजनाचा नसतो. गट ही कारभाराची सोय आहे. आपण तिला निसर्गाची रेघ समजतो आणि तिच्यावर सन्मानांची इमारत चढवतो.

जुन्या फडांना हे कळत होतं, असं मला वाटतं. गावच्या जत्रेत वजनकाटा नसे, आजही बऱ्याच ठिकाणी नसतो. पंच जोड लावतात. दोन पोरं समोरासमोर उभी करायची, दंड-मांड्या चाचपायच्या, उंची पाहायची, कुणाच्या तालमीतला ते विचारायचं, आणि मग हात मिळवायला लावायचे. जोड विजोड झाली तर प्रेक्षकच ओरडतात. ८६ आणि १२५ किलोंना एका गटात घालणाऱ्या नियमापेक्षा ही नजर जास्त न्यायी आहे. पण याच फडाने आपल्याला एक वाईट सवयही लावली. दुपारी रेवड्यांवर आणि नारळावर पोरांच्या कुस्त्या सुटतात, मग शंभराच्या, पाचशेच्या. ऊन उतरलं की मोठे लांग चढवून येतात, हलगीचा ठेका चढतो, आणि शेवटची मानाची कुस्ती सगळ्यांत थोराड जोडीची. वजन, इनाम आणि वेळ एकत्र चढत जातात. ज्याची कुस्ती शेवटी तो थोर, हे लहानपणापासून डोळ्यांत भरलेलं असतं. १९६१ पासून महाराष्ट्र केसरीने तीच सवय राज्य पातळीवर नेली.

आता हीच कसोटी घरच्या माणसांना लावून पाहू. खाशाबा १९४८ मध्ये लंडनला ५२ किलोंच्या गटात सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीत गट ५७ किलोंचा. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवून तो पुढे गेला आणि कांस्य आणलं. ज्यांच्याकडून हरला त्या दोघांनीच, जपानच्या इशीने आणि सोव्हिएत मामेदबेकोवने, सुवर्ण आणि रौप्य घेतलं. आपल्या वजनाच्या जगात तिसरा, आणि तेही त्याच्या कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून उभ्या केलेल्या पैशांवर. त्यानंतर महाराष्ट्राच्या कुठल्याही वजनाच्या मल्लाला ऑलिंपिक पदक मिळालेलं नाही. इथे वाद घालण्यासारखं काही उरत नाही.

त्याच्याखाली खरा वाद आहे. नरसिंग यादव २०११ पासून सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी झाला, आणि आंतरराष्ट्रीय आखाड्यात तो खेळला ७४ किलोंत. २०१५ मध्ये जागतिक स्पर्धेत कांस्य. स्वतःहून जड माणसांना राज्यात पाडणारा आणि स्वतःच्या वजनात जगात तिसरा, म्हणजे दोन्ही साक्षी त्याच्या बाजूने. आणि आपल्या शेजारचा, बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे: २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलोंत सुवर्ण, २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलोंत कांस्य. जागतिक पदक दोघांचंही तेच. फरक एवढाच की नरसिंगच्या शरीराला गदेपर्यंत जायची वाट होती, राहुलच्या नव्हती. मराठवाड्याला आधुनिक काळात लाभलेला सर्वांत थोर मल्ल गदेच्या गटाच्या २५ किलो खाली होता, म्हणून त्याच्या खांद्यावर ती कधी आली नाही.

यावर जुने शौकीन दोन गोष्टी सांगतात. एक, मोठ्या कुस्तीची मजा वेगळी. मान्य. दीडदोनशे किलोंचा दाब, घुटना, मग अचानक ढाक लागून आभाळ दिसणं, हे पाहायला कोस-कोस चालत जाणारी माणसं वेडी नव्हती. १९५९ चे हिंद केसरी श्रीपती खंचनाळे, १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत पदकं आणणारे गणपत आंदळकर आणि मारुती माने हे जड होते म्हणून थोर झाले, असं मी मुळीच म्हणत नाही. ते त्यांच्या वजनाच्या माणसांमध्ये थोर होते, म्हणजे माझ्याच मापाने थोर. दुसरं म्हणणं: समोरासमोर सोडलं तर जड माणूस हलक्याला खाईल, मग श्रेष्ठ कोण? खाईल. १२५ किलोंच्या मल्लाला रेडाही खाईल. हा कुस्तीचा युक्तिवाद नव्हे.

तिसरं म्हणणं जरा वजनदार आहे: तुलनाच कशाला? प्रत्येक गटाचा विजेता आपापल्या जागी मोठा. हे ऐकायला उदार वाटतं, पण गदा एकालाच देणारी व्यवस्था चालू असताना हे म्हणणं म्हणजे आहे त्या क्रमवारीला मान्यता देणं. क्रम तर लागतोच आहे. इनाम, जत्रांची आमंत्रणं, सत्कार, पोस्टरवरचा फोटो हे सगळं त्याच क्रमाने वाटलं जातं. भोकरदन, जाफराबाद, बदनापूरकडची जी पोरं दिवसा मिलमध्ये आणि संध्याकाळी तालमीत असतात, त्यांच्यातली बहुतेक ५७ ते ७० किलोंच्या आतली. खुराक त्यांनाही लागतो, घामही तेवढाच गळतो. त्यांना वस्तादाकडून पहिला सल्ला मिळतो तो डावाचा नसतो. ‘अंगात भर घाल’ हा असतो. काही पोरं भर घालता घालता आपला चांगला गट आणि चपळाई दोन्ही घालवून बसतात.

महिलांच्या बाबतीत तरी हे टाळता आलं असतं. २०२३ मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी भरली, प्रतीक्षा बागडीने ती जिंकली, आणि पाटी कोरी असताना आपण जुनाच कित्ता गिरवला.

म्हणून राज्यातल्या कुस्ती संघटनांना माझी सूचना साधी आहे. महाराष्ट्र केसरीची गदा आहे तशी राहू द्या. तिच्या शेजारी दुसरी गदा ठेवा, सगळ्या गटांतल्या सर्वोत्तम मल्लाची. ती ठरवताना विजेत्याने कुणाला हरवलं, त्या प्रतिस्पर्ध्यांची मागची कामगिरी काय, किती कुस्त्या चितपट किंवा एकतर्फी झाल्या, आणि वर्षभरात राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय आखाड्यात त्याने आपल्या गटात काय केलं, एवढंच पाहा. किलो पाहू नका, त्याच्या बाजूनेही नाही आणि विरुद्धही नाही. आणि ५७ किलोंची अंतिम कुस्ती एकदा तरी रात्री आठ वाजता, दिव्यांखाली, हलगी चढल्यावर लावा. हा प्रयोग जालन्यात करायला हरकत नाही. सळईची प्रत जाडीवर ठरत नाही, हे इथल्या पंचांना आणि प्रेक्षकांना नव्याने शिकवावं लागणार नाही.